नवसाची बलिया

जिवनबाई भरलेली घागर उचलत होती, म्हणूनच तिच्या दुखण्यावर तांड्यात कुणाचा विश्वास बसेना. बाई म्हणते सुई धरता येत नाही, आणि डोक्यावर घागर, कमरेवर कळशी घेऊन टेकाड चढून येते. आता ह्याला आजार म्हणायचं की नखरा? बायका पाठीमागे हेच बोलत. त्यांना तरी काय नावं ठेवायची. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच बोललो असतो, आणि वर थोडं तिखटमीठ लावून बोललो असतो.

तांडा साखऱ्याच्या शिवाराला लागून माळावर होता. ह्या लोकांच्या आजे-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून निम्मा मुलूख पालथा घातला होता. पुढे आगगाडी आली, बैल रिकामे झाले आणि माणसं नाइलाजानं ज्वारी-कपाशीच्या मागे लागली. पुरुषांनी धोतर-पटका धरला. बायकांनी मात्र अंगावरचं काही सोडलं नाही. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, पाठीवर नाड्यांनी बांधायची कांचळी, दोहोंवर काचा आणि कवड्या, आणि दंडात कोपरापासून खांद्यापर्यंत हाडाच्या पांढऱ्या बांगड्या. ह्या बांगड्यांना बलिया म्हणतात. लग्नात चढवायच्या, नवरा गेला की उतरवायच्या. मधल्या काळात त्यांना उतरायची परवानगी नाही.

जिवनबाईचं माहेर जवळा बाजारकडचं. आई लवकर गेली, जाताना लेकीच्या हातात सुई तेवढी देऊन गेली. पण त्या सुईचं पोरीनं सोनं केलं. काच शिवणं हे काही गोधडीला टाके घालणं नव्हे. काच नखाएवढी, कडेला धार. ती कापडावर अंगठ्यानं अन् बोटानं दाबून धरायची आणि तिच्याभोवती टाक्यांचं असं कुंपण घालायचं की बाई नाचली, पळाली, नवऱ्याशी भांडली तरी काच जागची हलता कामा नये. लग्न होऊन ती साखऱ्याच्या तांड्यावर भावसिंगच्या घरी आली तेव्हा तिची सुई तिच्याआधी तिथं पोचली होती. तिनं शिवलेली कांचळी घालून नवरी निघाली की लोक आधी कांचळी बघत, मग नवरी. नवरी बेताची असली तर हे बरंच पडायचं.

तिला एकच लेक, रूपा. पोरगी पाळण्यात होती तेव्हाच जिवनबाईनं तिच्या लग्नाचा फेटिया मांडीवर घेतला. तांड्यात तशी रीतच. लेकीचा लग्नाचा फेटिया आईनं शिवायचा, आणि तो सासरी कसा दिसतो त्यावर आईची किंमत ठरायची. बाकीच्या बाया लग्न ठरल्यावर धावपळ करत. जिवनबाईनं वर्षाला एकेक पट्टी भरत आणली. रूपा वयात येऊ लागली तेव्हा फेटियाचा घेर पुरा झाला होता, फक्त कमरेची पट्टी राहिली होती, आणि तीच सगळ्यात बारीक कामाची.

त्याच पावसाळ्यात भावसिंगला मोठा ताप आला. माणूस हातचा जातो असं झालं. त्याची आई रुख्मिणीबाई, म्हणजे जिवनबाईची सासू, मनानं खंबीर बाई. ती रडत बसली नाही. तिनं देवीपुढे नवस केला की माझं पोरगं उठलं तर सुनेच्या दोन्ही हातांत एकेक बलिया जास्तीची चढवीन. जुनी माणसं सांगत, जितक्या बलिया तितका नवऱ्याच्या आयुष्याला बांध. भावसिंग उठला. आता देवीचं देणं देवीला द्यायलाच हवं. रुख्मिणीबाईनं पेटीतून आपल्या आईच्या दोन पिवळट बलिया काढल्या. त्या एका किडकिडीत पोरीच्या मापाच्या होत्या आणि जिवनबाई भरल्या अंगाची. दोघी बायकांनी तिला धरलं, एरंडेल चोळून चोळून हात सोलवटला, आणि शेवटी दोन्ही बलिया कोपराच्या अगदी वर जाऊन बसल्या. तिथून त्या ना वर सरकल्या ना खाली.

फार घट्ट होतात, जिवनबाई म्हणाली.

सासू समाधानानं म्हणाली, "घट्ट हाय तेच बरं. सैल बांधलेलं ढोर दाव्याला ऱ्हात न्हाई."

सुरुवातीला करंगळी झोपली. सकाळी उठलं की करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या यायच्या. ती हात झटकून कामाला लागायची. मग थंडीत एकदा काच बोटांतून निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. तिला स्वतःचंच हसू आलं. पण पुढे सुई निसटू लागली, कापड निसटू लागलं, तेव्हा हसू गेलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट ह्यांच्या मधे पंजाच्या पाठीवर जी गुबगुबीत उशी असते ती खाली बसली; तिथं खळगा पडला. पंजाच्या मागच्या हाडांमधे नांगरल्यासारख्या सऱ्या दिसू लागल्या. शेवटची दोन बोटं आत वळली आणि सरळ होईनात. आधी उजव्या हाताची, मग डाव्या. बोटं एकमेकांपासून फाकवता येईनात. मूठ मात्र वळायची, घागर उचलायची, कुऱ्हाड चालायची. गंमत म्हणा की दैवाची चेष्टा म्हणा, जाड काम सगळं राहिलं आणि बारीक तेवढं गेलं.

उपाय झाले. बिब्ब्याचा चटका झाला, मनगटावर डाग देऊन झाला, नरसीच्या बाजूच्या एका जाणत्यानं दिलेला पाला बांधून झाला. सगळे हाताकडे बघत होते. वर कोपराशी रुतलेल्या बलियाकडे कुणी पाहिलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. कातडीत पांढरा वळ उमटला होता, पण नवसाच्या वस्तूचा वळ म्हणजे वळ नव्हे, पुण्य.

मग एक दिवस विहिरीवर एका बाईनं आपली कळशी जिवनबाईच्या कळशीपासून उचलून दूर ठेवली. बोटं वळली की महारोग, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. जिवनबाई घरी आली आणि चुलीपुढे बसून ढसाढसा रडली. तांड्याचे नाईक हरिचंद सरळ मनाचे गृहस्थ. त्यांनी भावसिंगला बोलावून सांगितलं की हिंगोलीच्या दवाखान्यात दाखवून आण. रोग निघाला तर तिला तांड्याबाहेर खोप घालून देऊ, नसला तर मी सगळ्यांची तोंडं बंद करतो.

हिंगोलीचे डॉक्टर उतारवयाचे होते. गर्दी असूनही त्यांनी तिला उजेडात बसवलं. अंगावर कुठं बधिर चट्टा आहे का ते टाचणीनं पाहिलं. नव्हता. मग बोटं फाकवायला लावली; फाकेनात. मग त्यांनी टेबलावरचा एक कागद घेतला, तिच्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधे दिला आणि म्हणाले, घट्ट धर, मी ओढतो. तिनं जिवाच्या करारानं धरला. अंगठ्याचं पेर वाकडं झालं, कपाळावर घाम आला. डॉक्टरांनी कागद ओढला. तो आला, जोर लावावा लागला नाही.

दुसऱ्या हातालाही तसंच झालं. मग डॉक्टरांची नजर वर गेली. त्यांनी बलियाच्या खाली, कोपराच्या आतल्या हाडाशी बोट दाबलं. जिवनबाईच्या करंगळीपर्यंत वीज गेल्यासारखी कळ गेली.

डॉक्टरांनी आपलाच पंजा पुढे धरून दोघांना समजावून सांगितलं. मूठ वळायची, ओझं उचलायची ताकद मनगटाच्या वरच्या मोठ्या स्नायूंत असते. पण पंजाच्या हाडांमधे दोरीच्या पिळाएवढे बारीक बारीक स्नायू दडलेले असतात. ते बोटं फाकवतात, जवळ आणतात, सरळ ठेवतात, चिमूट घट्ट करतात. त्यातल्या बहुतेकांना हुकूम देणारी नस कोपराच्या मागून जाते. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात तीच. ती नस ह्या बांगडीनं दाबली आहे. नस दाबली की हुकूम पोचत नाही, आणि हुकूम नाही म्हटल्यावर ते स्नायू सुकून जातात.

"ताकत तो उप्पर है बाई," डॉक्टर म्हणाले, "हुनर इत्तेसे गोश्त में है."

हा महारोग नव्हे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. आणि मग म्हणाले की ह्या दोन बांगड्या आजच कापू. आता काढल्या तर हात बराचसा भरून येईल, वर्ष घालवलं तर मग कुणाच्याही हातात काही राहणार नाही. कंपाउंडरला त्यांनी करवत आणायला सांगितली.

जिवनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तिला स्वतःहून हो म्हणता येत नव्हतं. आपल्या हातासाठी नवऱ्याचं आयुष्य काप, असं कोणती बाई म्हणेल? पण तो म्हणू शकत होता. आयुष्य त्याचं होतं. त्यानं नुसतं "काप" म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. ती वाट बघत राहिली. भावसिंग पटक्याचं टोक बोटाला गुंडाळत होता. शेवटी तो म्हणाला, याडीला इचारून येतो. याडी म्हणजे आई. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला नाही की ते रागावले नाहीत. त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

भावसिंग वाईट माणूस नव्हता. बायकोवर त्यानं कधी हात उगारला नाही, बाजारातून तिच्यासाठी रंगीत दोरे आठवणीनं आणायचा. पण तो एकदा मरणाच्या दारात जाऊन आला होता, आणि जो जाऊन येतो त्याला ते दार विसरता येत नाही. जिवनबाईला हे कळत होतं. कळूनही तिला त्याचा राग आला, आणि परतीच्या सगळ्या वाटेवर तो राग गाडीत तिच्या शेजारी बसून आला.

घरी रुख्मिणीबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि सुनेला एकच विचारलं, "तुला हात पायजे का नवरा?"

भावसिंग बैल सोडत होता. त्याला ऐकू गेलं होतं. त्यानं बैल सोडला, दाव्याला बांधला, पुन्हा सोडला आणि पाण्यावर घेऊन गेला. जिवनबाईनं भाकरी थापायला घेतली.

हरिचंदांनी शब्द पाळला. रोग नाही असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि कळश्या पुन्हा शेजारी शेजारी आल्या. पण हात जात राहिला. वर्ष गेलं, वर आणखी काही महिने गेले. ती रोज पळसाचं पान अंगठ्यात आणि बोटात धरायची आणि रूपाला म्हणायची, ओढ. पान सुटायचं. कमरेची पट्टी तशीच पेटीत पडून होती. कधीतरी रूपानं ती बाहेर काढली आणि आईशेजारी बसून स्वतः भरायला लागली. जिवनबाई पोरीच्या बोटांकडे बघत राहिली. तेच धरणं, तेच काचेवर अंगठा टेकणं. आपले हात कुठं गेले ते तिला दिसलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी ती पहिल्यांदा जरा निवांत झोपली.

निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष धामधुमीचं गेलं. कोण कुठून येईल ह्याचा भरवसा नव्हता. भावसिंग गुरं वाचवायला ती घेऊन पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेला, आणि तांड्यातली बायका-पोरं घरं सोडून रानात, ओढ्याकाठी राहिली. खायला धड नव्हतं. त्यात जिवनबाईला ताप आला. बरी होऊन ती ओढ्यावर गेली तेव्हा हाताची काडी झाली होती. तिनं पाण्यात हात बुडवला आणि नवसाची बलिया जरा हलली.

ती तिथंच बसून राहिली. भावसिंग डोळ्याआड होता. जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नव्हतं. आता काढली आणि तिकडे त्याला काही झालं तर? तिला भयंकर भीती वाटली. पण त्याच वेळी दवाखान्यातला तो कागद आठवला, आणि पटक्याचं टोक गुंडाळणारी बोटं आठवली. तिनं रिठ्याचा फेस दंडावर चोळला. बोटांनी ओढायचं बळ नव्हतंच. मग तिनं बलिया बाभळीच्या तुटक्या खुंटाला अडकवली आणि पाय रोवून सगळ्या अंगानं मागे ओढ घेतली. बलिया कोपरावरून उतरली आणि पंजातून सुटली. पंजा सुकून अरुंद झाला होता म्हणूनच सुटली. मग दुसरी. वरच्या बलियाही ढिल्या झाल्या होत्या. त्या पडू नयेत म्हणून तिनं त्यांच्याखाली चिंध्या कोंबल्या.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. वाटेवर कुणी दिसलं की तिला वाटायचं, आली बातमी. सासूला तिनं सांगितलं, तापात हात वाळला, बलिया आपोआप गळल्या, आणि त्या तिच्या हवाली केल्या. दुसरं काय सांगणार होती?

राज्य बदललं, माणसं घरी परतली, आणि एका दुपारी भावसिंग गुरं हाकत आला. वऱ्हाडातल्या ज्वारीनं अंगावर मांस चढलं होतं. त्यानं पाणी मागितलं, पाय धुतले आणि जेवायला काय आहे ते विचारलं. जिवनबाई त्याच्याकडे बघतच राहिली. त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. आनंद झाला, नाही कसा होणार. पण त्या आनंदाखाली दुसरं काहीतरी उकळत होतं. म्हणजे त्या दिवशी दवाखान्यात करवत चालली असती, तरी हा असाच येऊन जेवायला बसला असता.

करंगळीत थोड्या मुंग्या परत आल्या. तेवढंच. पळसाचं पान सुटतच राहिलं.

मार्गशीर्षात रूपाचं लग्न ठरलं. फेटिया पुरा झाला होता. शेवटची पट्टी लेकीनं भरली होती, आणि आईची कुठं संपते, लेकीची कुठं सुरू होते ते नवख्याला सांगता आलं नसतं. बलिया चढवायच्या दिवशी बायका मांडवात जमल्या. गाणी चालली होती. रूपाचे हात तेलानं माखले. नव्या बलिया मापाच्या होत्या. त्या एकेक करून सुखानं वर गेल्या. जिवनबाई शेजारी बसून प्रत्येकीवर लक्ष ठेवून होती.

आणि मग रुख्मिणीबाईनं पदराखालून दोन पिवळट बलिया काढून ताटात ठेवल्या.

जावई अंगानं किरकोळ, पावसाळ्यात तापानं पडला होता, ती म्हणाली. बांध घट्ट हवा. ह्या बलिया जागृत आहेत. माझं पोरगं मरणातून उठवलं, धामधुमीतून धडधाकट घरी आणलं, आणि काम झाल्यावर आपणहून उतरल्या. आणखी काय पुरावा पाहिजे?

बायकांनी माना हलवल्या. जिवनबाईनं मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या भावसिंगकडे पाहिलं. ह्या खेपेला तो बोलला, एवढं खरं. म्हणाला, "याडी, असू दे ना. आता काहून?"

"तू जिता हाईस ना?" म्हातारीनं विचारलं.

तो जिवंत होता, आणि तोच पुरावा होता. त्यानं मान खाली घातली.

जिवनबाईनं ताटातून एक बलिया उचलली. ती म्हणाली, "आपोआप न्हाई उतरल्या. मीच काढल्या. ह्यो घरी येयाच्या आधी, ओढ्यावर, माझ्या हातानं काढल्या."

गाणं थांबलं. बायका तिच्या वळलेल्या बोटांकडे, खळगा पडलेल्या पंजाकडे बघू लागल्या. सुई धरता न येणारे हात सगळ्या तांड्यानं पाहिले होते. कुणीतरी हळूच हसलं. वाईट हेतूनं नव्हे. रुख्मिणीबाईच्या डोळ्यांत तर मायाच आली. लेकीच्या मायेपायी बिचारी काय वाट्टेल ते बोलते, असं तिला वाटलं असावं.

"कोणत्या हातानं, बाई?" तिनं विचारलं.

जिवनबाई अंगठा अन् बोट आवळून बलिया धरून बसली होती. अंगठ्याचं पेर वाकडं झालं होतं, कपाळावर घाम होता. म्हातारीनं बलिया नुसती ओढली. ती आली; जोर लावावा लागला नाही. एका बाईनं एरंडेलाची वाटी पुढे सरकवली, गाणं पुन्हा सुरू झालं, आणि आजीनं सांगितलं तशी रूपानं बोटं जुळवून हात पुढे केला.